अर्धा गुण म्हणजे काय गं?

शेतातनं, गोठ्यातनं, दुकानातनं जिथनं कुठनं तुम्ही रेडिओ ऐकताय, तिथं हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आज मी बचत गटाचं काही सांगणार नाही. हप्ता नाही, व्याज नाही, ऑडिट नाही. आज मी बुद्धिबळाबद्दल बोलणार आहे. हसू नका. मला स्वतःलाही दोन वर्षांपूर्वी घोडा कसा चालतो ते माहीत नव्हतं.

विषय निघाला आमच्याच एका गटाच्या मीटिंगमध्ये. गटातल्या एका वहिनींची मुलगी आठवीत आहे. शाळेच्या सरांनी तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं. पाच फेऱ्या झाल्या. पोरगी संध्याकाळी एसटीनं घरी आली तेव्हा ओट्यावर सगळे बसलेले. आजोबांनी विचारलं, "जिंकलीस का?" ती म्हणाली, "एक जिंकले, एक हरले, तीन बरोबरीत सुटले. अडीच गुण झाले." आजोबा म्हणाले, "म्हणजे पाचात एक. जाण्यायेण्याचे तीनशे रुपये कशाला घालवायचे मग?" झालं. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा होती, तिथं पाठवायचं नाही असं घरात ठरलं.

वहिनींनी हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या बायांचं मत आजोबांसारखंच पडलं. "बरोबरी म्हणजे ना हरली ना जिंकली, काहीच नाही." एक जण तर म्हणाली, "क्रिकेटात पावसानं मॅच जाते तसं." मलाही त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन मी हे शोधायला लागले. मुलाकडनं मोबाइलवर शिकले, त्या पोरीकडनं शिकले, आणि ज्या एका डावानं मला बरोबरी म्हणजे काय हे कळलं तो डाव आज तुम्हाला सांगते. तो डाव खेळल्या दोघी बायका, आणि त्यातली एक आपल्या नागपूरची.

तारीख 26 जुलै 2025. गाव बातुमी. जॉर्जिया नावाचा देश आहे, काळ्या समुद्राच्या काठावर, तिथलं हे बंदराचं शहर. महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी. 107 खेळाडू होत्या सुरुवातीला. बाद पद्धत, म्हणजे हरली ती घरी गेली. सुमारे तीन आठवड्यांनी उरल्या दोघी, आणि दोघीही भारतातल्या. असं पहिल्यांदाच घडत होतं. एक नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. दुसरी आंध्र प्रदेशातली कोनेरू हम्पी, वय 38. हम्पी 2002 साली ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातली सगळ्यात वरची पदवी तिनं मिळवली तेव्हा दिव्याचा जन्मसुद्धा व्हायचा होता. दिव्या जन्मली 2005 च्या डिसेंबरात. हम्पी एका मुलीची आई आहे. बाळंतपणासाठी तिनं खेळ थांबवला होता आणि परत आल्यावर जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली, 2019 ला एकदा आणि 2024 ला पुन्हा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडं मुलगी झाली की बाईचं सगळं संपलं असं समजणारे खूप आहेत.

जॉर्जियाबद्दलही एक सांगते. त्या देशात पूर्वी मुलीच्या लग्नात तिच्या सामानाबरोबर बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती असं सांगतात. आपल्याकडं जशी पाच भांडी, तसा तिकडं पट. तिथलीच नोना गाप्रिन्दाश्विली 1962 पासून 1978 पर्यंत महिलांची जगज्जेती होती, आणि ग्रँडमास्टर ही पदवी मिळवणारी जगातली पहिली बाई. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आता डावाकडे येऊ. दिव्याकडं पांढरी सोंगटी, हम्पीकडं काळी. पांढरा आधी खेळतो, म्हणून त्याच्याकडं थोडा जोर असतो. पेरणीला चार दिवस आधी वाफसा मिळाल्यासारखं. काळ्याला आधी सावरावं लागतं. त्यासाठी काळ्यानं सुरुवातीला जी मांडणी करायची तिला बचाव म्हणतात. असे बचाव शेकडो वर्षं खेळून, घासून पक्के झालेले आहेत. प्रत्येकाला नाव आहे. जशी आपल्याकडं लुगडं नेसायची प्रत्येक भागाची वेगळी तऱ्हा आणि तिला वेगळं नाव.

हम्पीनं जो बचाव निवडला तो फार जुना. पाचशे वर्षांपूर्वीच्या लिखाणातही तो सापडतो. सुरुवात अशी होते. पांढरा आपल्या वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकतो. काळाही तेच करतो. दोन्ही प्यादी समोरासमोर, डोक्याला डोकं लावून उभी. मग पांढरा त्याच्या शेजारचं, वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सारतो. आता हे प्यादं काळ्याच्या प्याद्यापासून तिरकं आहे, आणि प्यादं मारतं ते तिरकंच. म्हणजे पांढऱ्यानं ताटात वाढून दिलं, घे म्हणून. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. आपण ज्याला वजीर म्हणतो तिला इंग्रजीत क्वीन, म्हणजे राणी म्हणतात. पटावरची सगळ्यात ताकदवान सोंगटी तिकडं बाई आहे आणि आपल्याकडं पुरुष, हा विनोद मला शिकताना फार आवडला. गॅम्बिट हा शब्द इटालियन भाषेतनं आलाय, कुस्तीत पायात पाय घालून पाडतात त्याला तिकडं तसा शब्द आहे. म्हणजे दिलेलं प्यादं हे साधं दान नसतं, त्यात टांग असते.

आता काळ्यापुढं दोन वाटा. प्यादं घ्यायचं नाही, किंवा घ्यायचं. हम्पीनं घेतलं.

नवशिकी बाई इथं काय करते? मी केलं तेच. एक प्यादं फुकट मिळालं म्हणून ते धरून बसते. तो फास कसा बसतो ते सांगते, जिच्या घरी पट आहे तिनं मांडून बघावं. पांढरा राजासमोरचं प्यादं एक घर पुढं सारतो, त्यामुळं त्याच्या उंटाची वाट मोकळी होते आणि तो आपलं प्यादं परत मारायला टपतो. काळा घाबरून पलीकडचं, वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढं आणतो, मिळालेल्याला आधार म्हणून. पांढरा कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं दोन घरं टाकून त्या आधाराला धक्का देतो. काळा उंटासमोरचं प्यादं एक घर पुढं घेऊन आधाराला आधार देतो. पांढरा मारतो, काळा उलट मारतो. सगळं ठीक वाटतं. आणि मग पांढरा आपला वजीर तिरका दोन घरं बाहेर काढतो. काळ्याची मधली प्यादी आधार देता देता सगळी पुढं गेलेली, त्यामुळं वजिराच्या समोर एक लांब तिरकी रेषा मोकळी पडलेली असते, थेट काळ्याच्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंत. हत्तीला हलायला जागा नाही, पुढं त्याचंच प्यादं, शेजारी त्याचाच घोडा. हत्ती वाचवायचा तर घोडा नाहीतर उंट मधे घालून घालवायचा. एक प्यादं राखण्याच्या नादात मोठी सोंगटी गेली.

मी हे पहिल्यांदा खेळले तेव्हा सहाव्या खेळीला माझा हत्ती गेला आणि माझा मुलगा खिदळत होता.

जाणती बाई तसं करत नाही. ती प्यादं घेते आणि मनाशी ठरवते की हे परत जाणार आहे. लग्नातल्या आहेरासारखं. घेतलं तेव्हाच माहीत असतं की त्यांच्या घरच्या कार्याला आपल्याला परत करायचं आहे. पांढऱ्याला ते प्यादं परत मारायला दोन-तीन खेळ्या लागतात. त्या वेळात काळा आपला घोडा बाहेर काढतो, उंटाला वाट करून देतो, राजाला कोपऱ्यात सुरक्षित नेतो आणि नंतर पांढऱ्याच्या मधल्या प्याद्याला धक्का देतो. म्हणजे प्यादं नको होतं, वेळ हवा होता. हा बचाव पाचशे वर्षं टिकला तो याच्यामुळं.

थोडं विषय सोडून बोलते. याच क्वीन्स गॅम्बिट नावाची एक परदेशी मालिका 2020 साली मोबाइलवर सगळ्या जगात गाजली. एका अनाथ मुलीची गोष्ट, ती पुरुषांना हरवत जाते. त्या मालिकेत एका प्रसंगात असं म्हटलं होतं की नोना गाप्रिन्दाश्विली पुरुषांबरोबर कधी खेळलीच नाही. मघाशी सांगितलं ना नाव लक्षात ठेवा? नोनाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी 2021 साली अमेरिकेत कोर्टात दावा लावला. गोष्ट 1968 सालची दाखवली आहे आणि तोवर मी किमान 59 पुरुषांशी खेळले होते, असं त्यांच्या दाव्यात होतं. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. कुणी म्हणेल मालिकेतलं एक वाक्य, त्यात काय एवढं? पण आयुष्यभराची मेहनत एका वाक्यात पुसली तर राग येणारच. आपल्याकडंही "ती काय, घरीच असते" असं म्हणतात ना, तसंच ते.

आणि आपल्याकडचंही सांगितलं पाहिजे. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. 1974 साली देशातली पहिली महिला स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, भारतातली तशी पहिलीच मुलगी. त्यावर मोठा गदारोळ झाला. प्रकरण जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी निकाल दिला की बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेतनं अडवता येणार नाही. तेव्हा आज जी पोरगी जिल्ह्याला मुलांसमोर बसते ती या बहिणींच्या मागनं चालतेय.

चला, बातुमीला परत. हम्पीनं प्यादं घेतलं, डाव पुढं सरकला. मधल्या टप्प्यात दिव्यानं पुढं घुसायचं धाडस केलं आणि तिची बाजू खरोखर चढली. नेमकी खेळी सापडली असती तर कदाचित डाव तिथंच संपला असता. पण ती खेळी घड्याळ टिकटिकताना, समोर पस्तिशी ओलांडलेली कसलेली बाई बसलेली असताना सापडायला हवी. आपण घरी बसून मोबाइलमध्ये बघतो तेव्हा संगणक लगेच सांगतो ही खेळी चांगली, ही वाईट. त्या दोघींना कुणी सांगत नव्हतं. दोघींना पहिल्या चाळीस खेळ्यांसाठी प्रत्येकी नव्वद मिनिटं, नंतर आणखी तीस, आणि प्रत्येक खेळीला वर तीस सेकंद. दिव्याची संधी निसटली. हम्पीनं सावरलं, उलट जोर लावला. आणि 41 खेळ्यांनंतर डाव बरोबरीत सुटला. अर्धा गुण हिला, अर्धा तिला.

कसा सुटला, हे महत्त्वाचं. तीच तीच स्थिती पुन्हा पुन्हा आली. याचा नियम असा आहे की पटावर अगदी तीच मांडणी, खेळायची पाळीही त्याच खेळाडूची, अशी तीनदा आली तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. पण दोघी शहाण्या बायका तेच तेच का करतील? रस्सीखेच आठवा. दोन्हीकडनं सारखी ताकद लागली की दोर जागचा हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळे नुसते उभे आहेत. आत हात सोलून निघत असतात. जी पहिली ढिली सोडेल ती मातीत. पटावर तसंच होतं. दिव्यानं वेगळी खेळी केली तर तिचं नुकसान, हम्पीनं केली तर तिचं. म्हणून दोघी त्याच घरांवर येतात, जातात.

बरोबरी होण्याच्या आणखी वाटा आहेत. दोघींनी मिळून ठरवलं, हात मिळवला, झालं. पटावर दोन राजे आणि एखादा घोडा किंवा उंट एवढंच उरलं, म्हणजे मात करायला साहित्यच नाही, तेव्हा होते. पन्नास खेळ्या झाल्या आणि दोन्हीकडनं एकही प्यादं हललं नाही, एकही सोंगटी मेली नाही, तर मागता येते. आणि सगळ्यात गमतीची म्हणजे कोंडी. माझी पाळी आहे, माझ्या राजाला शह नाही, पण राजाला पाऊल टाकायला एकही सुरक्षित घर नाही आणि दुसरी कुठली सोंगटीही हलू शकत नाही. तर मी हरले नाही. डाव बरोबरीत. समोरच्याकडं वजीर असो, दोन हत्ती असोत, त्याला अर्धाच गुण.

आता पुन्हा आपल्या आठवीतल्या पोरीकडं या. मी तिला विचारलं, तुझे तीन डाव बरोबरीत सुटले ते कसे गं? हा प्रश्न तिला तोवर कुणीच विचारला नव्हता. ती सांगायला लागली ते थांबेना.

पहिली बरोबरी शेजारच्या तालुक्यातल्या तिच्याएवढ्याच मुलीशी. दोघींनी दहा-बारा खेळ्यांतच हात मिळवला, कारण दोघींनाही घाबरायला झालं होतं. "ती आमची चूक होती," ती स्वतःच म्हणाली. "डाव माझ्याकडं चांगला होता."

दुसरी बरोबरी एका दहावीतल्या मुलाशी. त्याच्याकडं वजीर, हिच्याकडं राजा आणि पुढं अडकलेलं एक प्यादं, एवढंच. मुलगा घाईत होता, त्याचे मित्र मागं उभे राहून हसत होते. त्यानं वजीर धाडकन आणून हिच्या राजाच्या जवळ ठेवला. हिनं पटाकडं बघितलं. शह नाही. राजाला घर नाही. प्यादं अडलेलं. हिनं हात वर करून पंचांना बोलावलं. पंच आले, पटावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर, कोंडी आहे. बरोबरी." तो मुलगा रडायला लागला म्हणे.

तिसरी बरोबरी तिच्यापेक्षा खूप वरच्या क्रमांकाच्या मुलीशी. हिच्याकडं काळी सोंगटी. दोन तास बसली. पाणी प्यायलाही उठली नाही.

आता सांगा, या तीन अर्ध्या गुणांची किंमत सारखी आहे का? वहीत तिन्ही सारखेच दिसतात. अर्धा, अर्धा, अर्धा. पण पहिल्यात तिनं हातचं सोडलं, दुसऱ्यात गेलेलं परत आणलं आणि तिसऱ्यात ती आपल्यापेक्षा मोठ्याच्या बरोबरीनं उभी राहिली. आजोबांनी फक्त "जिंकलीस का" विचारलं, म्हणून त्यांना यातलं काहीच कळलं नाही. "कसा सुटला" हे विचारलं असतं तर तास गेला असता आणि पोरीचं आतलं सगळं बाहेर आलं असतं.

त्या 26 तारखेच्या डावाचंही तसंच. दिव्याला तो अर्धा गुण बोचला असणार, पांढरी सोंगटी होती, बाजू चढलेली होती. हम्पीला तोच अर्धा गुण मोलाचा, काळ्यानं अडचणीतनं निघाली. पण तो अर्धा गुण दिव्याकडंही राहिलाच ना? डाव हातातनं निसटला म्हणून ती चिडून काहीबाही खेळली असती तर तोही गेला असता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. 27 तारखेला दुसरा डाव, या वेळी हम्पी पांढरी. तोही बरोबरीत. एक-एक असं झालं. मग 28 जुलै, सोमवार, जलद डाव, प्रत्येकीला पंधराच मिनिटं आणि खेळीमागं दहा सेकंद. पहिला जलद डाव, पुन्हा बरोबरी. तीन दिवसांत तीन डाव आणि एकीलाही दुसरीला पाडता आलं नाही. चौथ्यात दिव्याकडं काळी सोंगटी. हम्पीकडं वेळ कमी उरला, चूक झाली, दिव्यानं सोडली नाही. अडीच विरुद्ध दीड. नागपूरची पोरगी विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयानं थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली 88 वी आणि बायकांमध्ये चौथी. तिच्या आधीच्या तिघींत हम्पी पहिली. जिंकल्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, ते चित्र तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल.

ते अडीच गुण मोजून बघा. एक विजय आणि तीन बरोबऱ्या. आमच्या पोरीचेही अडीचच गुण होते, तिच्याकडं एक हार जास्त, एवढाच काय तो फरक. हे मी मीटिंगमध्ये म्हटलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं पण ती जगाची आणि ही जिल्ह्याची." बरोबर आहे त्यांचं. मी काही आमची पोरगी विश्वचषकाला निघाली असं म्हणत नाही. हिशोबाची रीत तीच आहे, एवढंच म्हणते.

आता थोडं कामाचं. ज्यांच्या मुली शाळेतनं बुद्धिबळाला जातात त्यांनी ऐका. स्पर्धेत प्रत्येक खेळी कागदावर लिहायला सांगतात, तो कागद घरी जपून आणायला सांगा. चौकोनांना नाव असतं, अक्षर आणि आकडा, आठवड्याभरात कुणालाही वाचता येतं. त्या कागदावरनं अख्खा डाव घरी पुन्हा मांडता येतो आणि पोरगी तुम्हाला दाखवू शकते कुठं काय झालं. दुसरं, तीनदा तीच स्थिती आली किंवा पन्नास खेळ्या झाल्या की बरोबरी आपोआप मिळते असं मुलींना वाटतं. तसं नाही, मागावी लागते, पंचांना बोलावून सांगावं लागतं. आमच्या पोरीसारखं हात वर करायची सवय लागली पाहिजे, लाजून बसू नये. तिसरं, समोरच्यानं डाव सोडवू या म्हणून हात पुढं केला की लगेच मिळवायचा नाही. नियमात उत्तर द्यायला घाई नाही. आपल्या घड्याळात वेळ असेल तोवर विचार करावा. आपली बाजू चढलेली आहे का, हे आधी बघावं.

पट महाग नसतो. बाजारात साधा प्लास्टिकचा पट येतो, गुंडाळून पिशवीत बसतो. एका गटानं एक घेतला तरी दहा घरच्या पोरी शिकतात. आम्ही कुठनं पैसे आणले सांगू? मीटिंगला उशिरा येणाऱ्या बाईला आमच्याकडं दहा रुपये दंड आहे. तो दंड वर्षभर डब्यात साठतो आणि दिवाळीला त्याचा फराळ होतो. या वर्षी फराळ थोडा कमी झाला आणि पट आला. दोघी-तिघी कुरकुरल्या, त्यातली एक तर सगळ्यात जास्त दंड भरलेली. तिचंही खरं होतं, पैसे तिचेच जास्त होते! मग तिच्या नातीला पहिल्यांदा खेळायला बसवलं आणि मिटलं.

पुढच्या स्पर्धेच्या तिकिटाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी आजोबांना समजवायला गेले नाही. मी पोरीलाच सांगितलं, त्या दहावीतल्या मुलाचा डाव आजोबांना मांडून दाखव. आजोबांना बुद्धिबळ येत नाही, पण तरुणपणी ते तालमीत जायचे. तिनं ओट्यावर पट मांडला. शेवटची मांडणी लावली आणि म्हणाली, "आबा, आता हा माझा राजा. तुम्ही त्याला हलवून दाखवा." आबांनी राजा उचलला, इकडं ठेवला, ती म्हणाली तिथं वजीर मारतो. तिकडं ठेवला, तिथंही मारतो. पाच-सहा वेळा उचलला. मग प्याद्याला हात लावला, ते अडलेलं. बराच वेळ पटाकडं बघत बसले आणि म्हणाले, "मग हा हरला का नाही?" ती म्हणाली, "नाही." आबा म्हणाले, "पाठीवर पडला नाही तर चीत कसा होईल, बरोबर."

स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. सकाळी सहाची एसटी. सोबत सर आहेत, आणि वहिनी म्हणत होत्या की या वेळी आबाही निघालेत. शनिवारच्या मीटिंगला ज्यांना पट बघायचाय त्यांनी अर्धा तास लवकर या. सोंगट्या मोजून ठेवायच्या, मागच्या वेळी एक काळं प्यादं हरवलंय, त्याच्या जागी सध्या चिंचोका आहे.